उघडीप होईपर्यंत: सात माणसं, दोन खोल्या आणि तीन दिवसांचा पाऊस

डोंगरातल्या एका गावात आम्ही चार रात्रींसाठी गेलो आणि पहिले तीन दिवस पावसाने उसंत दिली नाही. माणसं सात. माझी आई, वय ७१. दादा, वहिनी आणि त्यांची तीन मुलं: थोरली १३ वर्षांची, मधला ८ आणि धाकटी ४. सातवी मी, मुलांची आत्या. घर भाड्याचं, समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंचीवर. दोन खोल्या, मध्ये हॉल, पुढे काचा लावलेली पडवी, मागे फरसबंद अंगण. नेट यायचं तेव्हा यायचं.

मी मुलांचे खेळवर्ग घेते. पावसाळी दिवशी मुलांना घरात कसं रमवावं, हे मी पैसे घेऊन सांगते. म्हणून या चार दिवसांची टिपणं ठेवली, आणि त्यातल्या पहिल्या दिवसाची फजिती मुख्यतः माझी आहे, हे आधीच कबूल करते.

पहिला दिवस: बूट घालून बसलेला मुलगा

मी बॅग भरून साहित्य आणलं होतं आणि एक वेळापत्रकही. पंचेचाळीस मिनिटांचा एक, असे नऊ उपक्रम. सकाळी साडेनऊला पहिला सुरू केला: संगीत थांबलं की पुतळा व्हायचं, हलला तो बाद. धाकटी पहिल्याच फेरीत बाद झाली आणि रडत आईकडे गेली. पाठोपाठ मधला बाद झाला आणि सोफ्यावर उड्या मारू लागला. मग उरली थोरली एकटी. ती आईसमोर पुतळा होऊन उभी होती आणि चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की हे लवकर संपवा. अकरा मिनिटं. पंचेचाळीसपैकी अकरा.

बाद होण्याचे खेळ मैदानावर चालतात, कारण बाद झालेल्याला जायला जागा असते. हॉलमध्ये तो कुठे जाणार? तिथेच बसतो आणि खेळ मोडतो. हे मला वर्गात ठाऊक असतं. घरच्या मुलांपुढे कसं कोण जाणे विसरले.

पण खरी गडबड खेळांत नव्हती. दादा खिडकीशी उभा होता. "अकराला उघडणार म्हणतंय," तो फोन बघून म्हणाला. अकरा वाजले. "आता एक म्हणतंय." मधल्याने सकाळी नऊला बूट घातले होते, ते दुपारी एकपर्यंत काढले नाहीत. पत्ते खेळायला बसला तोही बूट घालून, दाराकडे तोंड करून. कोणताही खेळ सुरू केला की त्याचा एकच प्रश्न: "पण मध्येच थांबला तर?" जो खेळ मध्येच टाकून पळायचं आहे, त्यात जीव कोण घालणार?

संध्याकाळी उशी दिव्याला लागली, काच फुटली, दादा ओरडला, वहिनी गप्प झाली. आई "जरा पडते" म्हणून आतल्या खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली.

मुलं झोपल्यावर मी आणि वहिनी टेबलाशी बसलो. मी वेळापत्रक कसं सुधारता येईल ते सांगत होते. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पाऊस नाही नडत. हे 'आता उघडेल, आता उघडेल' नडतंय."

माझ्या नऊ उपक्रमांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं निघालं. दिवसभर आम्ही घरात नव्हतोच, आम्ही वाट बघत होतो. सगळे खेळ 'तोवर'चे होते.

म्हणून रात्री एक ठराव झाला. सकाळी आठला नाश्त्याच्या वेळी एकदाच ठरवायचं: आज बाहेर की आज घर. एकदा 'घर' म्हटलं की रात्री आठपर्यंत हवामानाचा अंदाज बघायचा नाही. दादाला हे पटेना. "आणि खरंच उघडलं तर?" उघडलं तर अंगणात जाऊ, पण गाडी काढायची नाही. मी त्याला डोंगरातल्या पावसाचं गणित सांगितलं. दमट वारा डोंगराला आपटला की वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरच्या चढाला साधारण १० अंशांनी. थंड हवेत वाफ मावत नाही, तिचा ढग होतो आणि तिथल्या तिथे बरसतो. वारा येत राहील तोवर हा कारखाना चालूच. ॲपमधला अंदाज काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला असतो. त्या एकाच चौकोनात खालची दरी असते आणि आपला माथाही असतो. दरीत ऊन पडलं असेल तेव्हा आपण ढगाच्या पोटात बसलेले असू शकतो. दादा म्हणाला, "म्हणजे ते खोटं सांगत नाही, दुसऱ्याचं सांगतं." बरोबर तेच.

दुसरा दिवस: आधी अंग, मग डोकं

सकाळी आठला 'घर' ठरलं. वहिनीने सगळ्यांचे बूट उचलून कपाटात टाकले आणि कपाट लावलं. मधल्याने पाहिलं, दोन मिनिटं तोंड पाडलं आणि मोजे काढून फेकले. त्या क्षणी तो घरात आला.

वेळापत्रक मी फाडलं होतं. फक्त एक गोष्ट सकाळी आधी करायची ठरवली: अंग मोकळं करणं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणाऱ्या हालचालीची आहे. ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० तरी धाप लागेल अशी. पहिल्या दिवशी आमच्या मधल्याची हालचाल म्हणजे सोफ्यावरच्या उड्या, आणि त्यासाठीही तो बोलणी खात होता.

हॉलमधलं टेबल भिंतीला लावलं, फुटण्यासारखं सगळं उचललं आणि एक फुगा फुगवला. नियम एकच: फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही. घरातल्या जागेसाठी फुग्यासारखं दुसरं खेळणं नाही. तो इतका सावकाश खाली येतो, की चार वर्षांच्या मुलीला धावायला वेळ मिळतो आणि खुर्चीत बसलेल्या ७१ वर्षांच्या बाईलाही हात उचलायला. चेंडूत जो चपळ तो जिंकतो. फुग्यात चपळाई फारशी कामाला येत नाही. आई खुर्चीतून असे काही टोले हाणत होती, की मधला म्हणाला, "आजी चीटिंग करते, ती बसून खेळते." मग सगळेच बसून खेळले. मग डाव्या हाताने. मग दोन फुगे. चाळीस मिनिटांनी दादा घामाघूम होऊन जमिनीवर आडवा झाला होता.

मग पाऊस मोजायचं यंत्र. प्लास्टिकच्या सरळ भिंतीच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला, म्हणजे नरसाळं झालं. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आधी सरळ भाग सुरू होईल तिथवर पाणी भरलं आणि तिथे शून्याची खूण केली. तिथून वर पट्टी चिकटवली. बाटली बादलीत ठेवून भोवती दगड भरले, वाऱ्याने पडू नये म्हणून. बादली अंगणात नेऊन ठेवली मधल्याने.

दोन तासांनी तो धावत आत आला: ११२ मिलिमीटर! थोरलीने पुस्तकातून मान वर केली. "दोन तासांत ११२? शक्यच नाही." दोघं रेनकोट घालून बाहेर गेली. बादली पागोळ्यांखाली ठेवली होती. अख्ख्या छपराच्या उताराचं पाणी तिच्यात पडत होतं. भांडण झालं, मग बादली अंगणाच्या मध्यावर गेली, भिंतींपासून लांब. या चुकीचा मला फार उपयोग झाला. यंत्र पहिल्यांदाच बरोबर चाललं असतं तर थोरली उठली नसती. तेरा वर्षांच्या मुलीला बोलावून आणता येत नाही, पण कोणी चुकत असलं की ती स्वतःहून येते.

नवी जागा पक्की झाली आणि संध्याकाळी सहाला आकडा आला ४१. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं मी सांगितलं. बाकी हिशेब मधल्याने केला. अंगण सहा बाय चार मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. २४ गुणिले ४१, ९८४ लिटर. "आपल्या अंगणात आज हजार लिटर पाणी पडलं," हे त्याने जेवताना तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना ते 'हजाराच्या वर' झालेलं होतं. पावसाचा राग जाऊन त्याच्यावर मालकी आली होती. रात्री झोपताना तो म्हणाला, "उद्या पन्नास तरी पडू दे."

नोंद घ्यायला दर दोन तासांनी बाहेर जायचं, तीन-चार मिनिटं. विजा नसतील तरच. दिवसभर घरात कोंडून न घालता ओलं व्हायला मिळालेलं हे अधिकृत निमित्त होतं, आणि ओले कपडे पडवीतल्या दोरीवरच राहिले, घरभर झाले नाहीत.

नकाशा

दुपारचा भाग सविस्तर सांगते, कारण या चार दिवसांतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

१८८१ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रेमार गावी कुटुंबासह राहत होता. हवा वाईट, पाऊस सरेना. त्याचा सावत्र मुलगा लॉइड घरात रंग घेऊन बसायचा आणि स्टीव्हन्सनही त्याच्या शेजारी बसून चित्रं काढायचा. त्यात एक दिवस एका बेटाचा नकाशा निघाला, नकाशावरून गोष्ट सुचली, आणि लिहून झालेला भाग तो घरच्यांना वाचून दाखवू लागला. 'ट्रेझर आयलंड' ती हीच. त्याचे वडील थॉमस दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. तेही या नादाला लागले आणि गोष्टीतल्या पेटाऱ्यात काय काय सापडतं त्याची यादी त्यांनी बसून करून दिली. मला या हकिकतीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: तिथे कोणी मुलाचा 'उपक्रम घेत' नव्हतं. मोठी माणसं आपापल्या मजेसाठी बसली होती.

मी ही गोष्ट मुलांना सांगितली नाही. कागदाचा मोठा रोल जमिनीवर उलगडला आणि स्वतःच आमच्या या भाड्याच्या घराचा नकाशा काढू लागले. मला चित्रकला येत नाही, हे इथे फायद्याचं ठरलं. थोरली काही वेळ बघत होती, मग तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. "आत्या, प्रमाण तरी धर."

घराचा नकाशा वीस मिनिटांत संपला. तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, "आमचं घर याच्या दुप्पट होतं." ती लहानपणी राहायची ते घर. आता त्या जागी काहीच नाही.

पहिल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, "आई, मुलांना तुझ्या लहानपणची गोष्ट सांग ना." ती म्हणाली होती, "काय सांगू? होतं आपलं साधंच." आता थोरलीने विचारलं, "दारापासून जिना किती लांब होता?" आणि आई उठली. हॉलच्या दारापाशी जाऊन उभी राहिली, डोळे अर्धे मिटून चालू लागली, आणि चार पावलांवर थांबली. "नाही. मी तेव्हा एवढीशी होते. माझी पावलं नका घेऊ, हिची घ्या."

म्हणजे धाकटीची.

मग तसंच झालं. धाकटी चालायची, मधला मोजायचा, थोरली काढायची: एक पाऊल म्हणजे एक चौकोन. आई बाजूने सांगायची. इथे जिना, लाकडी, सहावी पायरी वाजायची. ती चुकवून पाय टाकला तर रात्री कुणाला कळायचं नाही. वर माळा. माळ्याच्या खिडकीतून छपरावर उतरता यायचं. "तू उतरायचीस?" मधल्याने मोजणं सोडून विचारलं. आईने दादाकडे पाहिलं, मग म्हणाली, "लिही, तिथे खिडकी होती. एवढंच लिही."

दादाने ते घर सहा वर्षांचा असताना पाहिलं होतं. तो म्हणाला, जिन्याशेजारी खोली होती. आई म्हणाली, खोली नव्हती, नुसता कोनाडा होता. दोघं अर्धा तास हटली नाहीत. शेवटी थोरलीने निवाडा केला: वादातली भिंत तुटक रेषेत. नकाशावर ती तशीच आहे.

हे तीन तास दहा मिनिटं चाललं. दादाचा फोन नंतर स्वयंपाकघरात सापडला, बॅटरी संपत आलेली.

'गोष्ट सांग' म्हटलं की वयस्क माणसाला वाटतं, आता काहीतरी रंगवून सांगायला हवं, आणि ते आखडतात. 'दार आत उघडायचं की बाहेर' असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि दारातून गोष्टी आपोआप येतात. माझ्या वर्गांत आजी-आजोबा येतात तेव्हा इतकी वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

तिसरा दिवस

दुसऱ्या दिवसासारखा तो गेला नाही. सकाळी फुगा फुटला आणि राखीव फुगे मी आणलेच नव्हते. मोज्यांचे गोळे करून बादलीत टाकायचा खेळ काढला, तो बरा चालला, पण मोजे दमट होते आणि वहिनी वैतागली. दुपारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहिला आणि त्यात मला काहीही गैर वाटलं नाही. सात माणसांना दोन तास एकमेकांशी न बोलता एकत्र बसायला मिळणं ही तिसऱ्या दिवशी गरजच असते. फक्त तो दुपारचा ठेवला. सकाळीच लावला की दिवसाला मग काही धरबंद राहत नाही.

कपाटात ५०० तुकड्यांचं एक जिगसॉ सापडलं. ते पडवीतल्या टेबलावर पसरून ठेवलं, कुणालाही न बोलावता. येता-जाता हात लावता येतो, पाळी नसते, हरणं नसतं, आणि दोघं शेजारी बसली तरी एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. भांडण झाल्यावर बसायला ही उत्तम जागा. दादा आणि थोरलीचं सकाळी फोनवरून वाजलं होतं; अकराच्या सुमाराला दोघंही तिथे आकाशाचे निळे तुकडे वेगळे करताना दिसली. शेवटी सात तुकडे कमी निघाले. भाड्याच्या घरातलं जिगसॉ पुरं निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

संध्याकाळी गडगडाट सुरू झाला आणि वीज गेली. धाकटी घाबरून वहिनीला चिकटली. खिडक्यांपासून लांब, हॉलच्या मध्यात सगळे बसलो, चार्जिंगच्या वायरी काढून ठेवल्या. वीज चमकली की मोजायचं, आवाजाची पहिली चाहूल लागली की थांबायचं. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. डोंगरात घुमून तो लांबतो, म्हणून शेवट धरायचा नाही, सुरुवात धरायची. पहिली मोजणी सहा: दोन किलोमीटर. मग नऊ. मग पंधरा. "गेली ती," धाकटी म्हणाली. "आता दुसऱ्यांच्या घरी गेली." मोजायला तिला वीसपर्यंतच येतं. पुढच्या वेळी वीस संपले तरी आवाज आला नाही, तेव्हा ती निराश झाली.

पुढच्या खेपेला बॅगेत काय असेल, ते सांगते. मोठ्या कागदाचा रोल, चिकटपट्टी, पट्टी, दोन टॉर्च, कपडे वाळत घालायची दोरी आणि फुगे, भरपूर फुगे. वेळापत्रक नसेल. आणि बुटांसाठी कुलूप लागणारं कपाट असेल असं घर बघणार आहे.

चौथा दिवस

सामान गाडीत चढत होतं तेव्हा ढग फाटले. साहजिकच. समोरची अख्खी रांग दिसली, खालची दरी, दूरवर नदीची रेघ. दादाने घाईघाईने सगळ्यांना कड्यावर नेलं. दहा मिनिटं सगळ्यांनी पाहिलं, छान वाटलं, फोटो झाले. मधल्याने विचारलं, "शेवटची नोंद घेऊन येऊ का?" रात्रीचे १९ मिलिमीटर होते. त्याने ते वहीत लिहिलं, पाणी ओतून टाकलं आणि आणखी एक रिकामी बाटली घेऊन तिचं झाकण वरच घट्ट लावलं. त्याला मी म्हटलं होतं, की इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या चार-पंचमांशाच्या आसपासच असतो; इथली हवा बाटलीत भरून खाली ने आणि काय होतं ते बघ.

उतारावर बाटली त्याच्या मांडीवर होती. पहिल्या काही वळणांत काहीच झालं नाही. आईच्या कानात दडे बसले, ती गिळत राहिली. मग 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि बाटलीच्या अंगाला एक खळी पडली. मधला ओरडला, दादाने गाडी हळू केली. आणखी दोन वळणं, दुसरी खळी. पायथ्याला पोचेपर्यंत तिची कंबर आत गेली होती, कुणीतरी मुठीत धरून दाबावी तशी.

धाकटीने हात पुढे केला. "उघड ना."

"नाही," मधला म्हणाला. "वरची हवा आहे त्यात." आणि त्याने ती नकाशाच्या गुंडाळीत सरकवून ठेवली.